वर्गातल्या कागदासाठी पुठ्ठ्याची पेटी

मी पुण्यातल्या एका शाळेत कार्यानुभव शिकवते. वर्गात सगळ्यात जास्त कचरा होतो तो कागदाचा. वहीची फाडलेली पानं, जुन्या प्रश्नपत्रिका, हस्तकलेच्या तासाची कात्रणं. हा सगळा कागद केळीच्या सालींबरोबर एकाच प्लास्टिकच्या बादलीत पडायचा. कागदासाठी वेगळी पेटी हवी, ती प्रत्येक वर्गात हवी आणि शाळेला परवडायला हवी, म्हणून मी पुठ्ठ्याचा विचार सुरू केला.

पेन्सिल हातात घेण्याआधी आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंशी बोलले. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. कागदाबद्दल नेमकं सांगणारी माणसं या शहरात रोज दाराशी येतात, आपण विचारायला हवं. ताई म्हणाल्या, “बाई, पांढऱ्या कागदाला वेगळा भाव मिळतो. पण त्यात चहाचा कप पडला की गेलं सगळं. आणि पोरांना चुरगाळू देऊ नका. पोतं भरल्यासारखं दिसतं, वजन काहीच भरत नाही.” पेटीचं निम्मं डिझाइन तिथेच ठरलं. कागद कोरडा राहायला हवा, सपाट राहायला हवा आणि त्याच्याशिवाय दुसरं काही आत जाता कामा नये.

सपाट ठेवायचा म्हणजे कागदाच्याच मापाने पेटी बांधायची. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा. तो उभा राहावा आणि वर थोडी जागा उरावी म्हणून तळ २५ बाय २५ आणि उंची ३५ सेंटिमीटर धरली. आत साधारण २२ लिटर जागा झाली. गोल पेटीचा मोह मला बराच होता, कारण १०० सेंटिमीटर घेरात चौकोनी तळ ६२५ चौरस सेंटिमीटरचा होतो आणि गोल तळ जवळजवळ ८०० चा. पण गोल पेटीला तळ वेगळा कापून चिकटवावा लागतो आणि ती घडी करून कपाटात ठेवता येत नाही. खाली निमुळती पेटी एकात एक बसते, मात्र तिरपे तुकडे कापताना शीट वाया जातं. शेवटी चौकोनच राहिला. पेटी स्वस्त करायला पातळ पुठ्ठा घ्यावा असं आधी वाटतं, पण खरी बचत शीट वाया न घालवण्यात आणि जोडायचे तुकडे कमी करण्यात आहे.

तीन प्लायचा, म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये एक पन्हळी कागद असलेला पुठ्ठा पुरतो. १८५६ साली इंग्लंडमध्ये पन्हळी कागदाचं पेटंट घेतलं गेलं ते उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी तो बाटल्या गुंडाळायला वापरला आणि १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्याला सपाट कागदाचं अस्तर लावलं. अस्तर नसलेली पन्हळ दाबली की पसरते. अस्तर चिकटलं की तिला पसरायला जागाच राहत नाही. मुलांना हे दाखवायला मी दोन्ही प्रकारच्या तुकड्यांवर वजनं ठेवते. हा तास मला स्वतःला फार आवडतो.

पेटीत पन्हळ उभी ठेवायची, म्हणजे भिंती भार घेतात. अडचण येते ती कोपऱ्यांवर. पन्हळीला आडवी घडी सरळ पडते, पण तिच्याच दिशेने घडी घातली की रेघ शेजारच्या नळीत सरकते आणि कोपरा वाकडा होतो. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने रेघ आधी दोन-तीनदा दाबून घेतली की घडी जागेवर राहते. पुठ्ठ्याची जाडीही हिशोबात धरावी लागते. आमचा बी फ्लूटचा, म्हणजे बारीक पन्हळीचा पुठ्ठा ३ मिलिमीटरच्या आसपास होता. म्हणून चौथी बाजू तेवढी कमी घेतली आणि पाकळी, म्हणजे पेटीच्या तोंडाची दुमडायची पट्टी, पूर्ण आत उलटायची तिथे ६ मिलिमीटर अंतरावर दोन रेघा मारल्या.

सगळ्यात जास्त विचार वरच्या तोंडावर झाला. उघडं तोंड दिसलं की त्यात काहीही पडतं, आणि कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, तो साध्या रद्दीत चालत नाही. तेव्हा खोक्याला वर जशा पाकळ्या असतात तशाच ठेवल्या, पण ११ सेंटिमीटरच्या. समोरासमोरच्या दोन पाकळ्या आडव्या टाकल्या की मध्ये ३ सेंटिमीटरची फट उरते. तिच्यातून कागद सरळ जातो, चुरगाळलेला बोळा अडतो, कप जातच नाही. उरलेल्या दोन पाकळ्या भिंतीला चिकटून आत उलटल्या. तिथे पुठ्ठा दुहेरी झाला, म्हणून उचलायच्या खाचा त्याच बाजूंना कापल्या. आडव्या पाकळ्या वर उसळू नयेत म्हणून त्यांना दोन सेंटिमीटरचे कान ठेवले. ते दुहेरी भिंतीच्या फटीत अडकतात. या कानांसाठी जादा शीट लागलं नाही, शेजारच्या पाकळ्यांच्या अंगातून ते निघाले.

तळाला चार पाकळ्या एकमेकींत अडकणारं लॉक ठेवलं, टेप नाही. जुनी पाठ्यपुस्तकं भरून पेटी उचलून पाहिली, तळ टिकला. उभ्या जोडाला मैद्याची खळ लावली. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण तो विषारी असतो आणि मुलं हात लावणार, म्हणून तो टाळला. सगळं शीट १०३ बाय ६२ सेंटिमीटरचं झालं. १२० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम भरणारे तीन कागद धरले तर पेटीचं वजन साधारण पाव किलो होतं.

पहिल्या पेट्या वाण्याकडच्या खोक्यांतून केल्या. एवढा मोठा तुकडा तिथे सहसा मिळत नाही, म्हणून दोन अर्धे कापून दोन जोड दिले. सगळ्या वर्गांसाठी मात्र भोसरीतल्या एका बॉक्सवाल्या काकांकडे गेले. मला डाय, म्हणजे सगळ्या खाचा आणि घड्या एकाच दाबात पाडणारा साचा, बनवून हवी होती. ते म्हणाले, “मॅडम, डायचा खर्च हजार नगांवर पसरला तर परवडतो. तीस-चाळीस पेट्यांना डाय कशाला? शीट कापून क्रीझ मारून देतो, खाचा पोरांकडून कापून घ्या.” त्यांना धंदा नको होता असं नाही, त्यांना हिशोब खरा सांगायचा होता. खाचा आठवीच्या मुलांनी कापल्या, त्यामुळे पेटी कशी उघडायची हे प्रत्येक वर्गात कुणालातरी ठाऊक आहे.

पावसाळ्याची मला काळजी होती. पुठ्ठा हवेतला ओलावा ओढतो आणि तेवढा मऊ पडतो. त्याहून जास्त नुकसान होतं रोज फरशी पुसताना, तळ पाणी शोषतो. तळाला प्लास्टिकचा कागद चिकटवायला बऱ्याच जणांनी सुचवलं. मी ते मानलं नाही, कारण मग फाटलेली पेटी रद्दीत देता येणार नाही. मोडलेल्या बाकांच्या लाकडी पट्ट्या होत्या, त्यातल्या दोन-दोन प्रत्येक पेटीखाली ठेवल्या. पुसताना पेटी उचलतात, नाही उचलली तरी पाणी तळापर्यंत पोचत नाही.

आता ताई पेटी रिकामी करताना कानांतून पाकळ्या सोडवतात आणि गठ्ठा उभाच्या उभा काढून सुतळीने बांधतात. पेटी फाटली तर तीच सपाट करून पुठ्ठ्यात टाकतात. परीक्षा विभागाला यापेक्षा मोठी पेटी हवी आहे. तिला पाच प्लाय घ्यावा, की तीन प्लायच ठेवून मध्ये एक आडवी भिंत द्यावी, याचे दोन नमुने सध्या टेबलावर आहेत. आडवी भिंत स्वस्त पडेल असं मला वाटतं.