भोगीच्या गर्दीत मंडईचा हेरिटेज वॉक

संक्रांतीच्या आदल्या रविवारी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत हेरिटेज वॉक ठेवणाऱ्याचं मला कौतुकच वाटलं. मंडईबाहेर सुगडांचे ढीग, उसाची कांडकी, हरभऱ्याच्या गड्ड्या, वाटे करून ठेवलेली बोरं, आणि त्या गर्दीत गळ्यात कार्डं अडकवून उभे राहिलेले आम्ही वीसेक हौशी लोक. आमच्या जाऊबाईंनी निघतानाच सांगून टाकलं होतं, "इतिहास तू ऐक, मी पावट्यासाठी येतेय." हल्ली मेट्रो थेट मंडईखाली येते, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला कारणही उरलेलं नाही.

सुरुवात टिळकांच्या पुतळ्यापासून झाली. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं, एवढं सांगून गाइड पुढे निघाला. आर्किटेक्चर शिकणारा पोरगा, पाठांतर चोख. इमारत १८८६ सालची, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तेव्हाचं नाव रे मार्केट, मधला मनोरा अष्टकोनी, शैली गॉथिक. मनोऱ्याखाली त्याने आम्हाला मान दुखेपर्यंत वर बघायला लावलं. खालून हमालाची हाळी आली, "ओ, बाजूला व्हा की, डोक्यावर वजन आहे!" हेरिटेज दोन्ही बाजूंना पांगलं.

मला विचाराल तर बघण्यासारखी गोष्ट मनोरा नाही, गाळे आहेत. मंडईतला गाळा म्हणजे उंच ओटा. भाजीवाली वर मांडी घालून बसते आणि तिच्याभोवती भाजी उतरत्या थरांत रचलेली असते. वांगी पुढे, देठं आतल्या बाजूला वळवलेली, म्हणजे गिऱ्हाइकाला नुसती तुकतुकी दिसते. त्यामागे गाजरं, बाजूला घेवडा, आणि हाताशी पाण्याचा डबा. बोलता बोलता तिचा हात डब्यात जातो आणि कोथिंबिरीवर शिपका बसतो. जागचं न उठता तिला सगळीकडे पोचता येतं. आपण खाली उभे, नाक वांग्यांच्या पातळीवर. घासाघीस करणारा खाली आणि भाव सांगणारी वर, अशी ही मांडणी आहे. तिथे पाच रुपये कमी करून घेणं किती अवघड, ते पुण्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. गाइडने कमानींवर बरंच सांगितलं, या ओट्यांवर चकार शब्द नाही.

मग तो म्हणाला, "नंतर महात्मा फुल्यांच्या सन्मानार्थ मंडईला त्यांचं नाव देण्यात आलं," आणि पुढच्या कमानीकडे वळला. मला राहवलं नाही. माझी सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे खर्चावर कोणी आक्षेप घेतला होता म्हटलं की माझे कान टवकारतात.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तेव्हा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. त्यासाठी लाखांच्या खर्चाची इमारत उठवायचं घाटू लागलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांत जोतीराव होते. एवढा पैसा आहे तर तो शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. भाजीवालेही राजी नव्हते. जमिनीवर पथारी टाकून धंदा करणाऱ्याला गाळ्याचं भाडं कसं परवडावं? आणि जोतीरावांना हे पुस्तकात वाचून कळलेलं नव्हतं. वडील गोविंदराव स्वतः भाजीच्या व्यवसायातले, आणि घराण्याचं नावच फुलांच्या धंद्यावरून पडलेलं. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतासाठी हजार रुपये काढले, त्यालाही विरोधात मत देणारे सरकारनियुक्त सभासदांत ते एकटेच होते. असा माणूस आमच्या ऑडिटमध्ये असता तर कित्येकांची झोप उडाली असती.

इमारत तरीही झाली. नगरपालिकेची कचेरीही काही काळ इथेच वर होती, म्हणजे कर लावणारे माडीवर आणि भरणारे तळमजल्यावर. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे साहेबांचं नाव गेलं आणि फुल्यांचं आलं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही नंतर त्यांचंच नाव मिळालं. नाव बदललं ते योग्यच झालं, त्यावर माझा वाद नाही. पण नुसतं "सन्मानार्थ" म्हणून तो वाद पुसून टाकायचा हे मला पटत नाही. फुल्यांचं नाव लावायचं, तर त्यांचा आक्षेपही पाटीवर यायला हवा.

हे सगळं मी गाइडला सांगितलं, जरा मोठ्यानेच. त्याने लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं, हे त्याचं विशेष. गाळ्यावरची मावशी मात्र मघापासून आमच्यावर करवादलेली. "ताई, घ्यायचंय का नुसतं बोलायचंय? सणाचं गिऱ्हाईक अडतंय."

मी विचारलं, "मेट्रो झाल्यापासून गर्दी वाढली का हो?"

"येतात की पुष्कळ. पिशवी घेऊन थोडे, मोबाइल घेऊन फार."

जाऊबाईंनी पिशवी उघडून दाखवली तेव्हा कुठे ती हसली. पावटा, घेवडा, गाजर, वांगी, हरभरा, सगळं तिच्याकडेच घेतलं. भाव एका पैशाने उतरला नाही. वरून मूठभर मिरच्या टाकल्या, त्याही मागितल्यावर.

तिथून बुरूड आळीत गेलो. सुपं, रोवळ्या, टोपल्या बघून गटातल्या मुली हरखल्या. मला एक सूप हवंच होतं, ते घेतलं. तुळशीबागेच्या तोंडाशी वॉक संपला, कारण आत घुसायला जागाच नव्हती.

निरोप घेताना मी गाइडला म्हटलं, "पुढच्या खेपेला शनिवारवाड्यासमोरून निघा. बाजार जिथून उठवला तिथून चालत आलं तर लोकांना गोष्ट कळेल."

तो म्हणाला, "मॅडम, कल्पना छान आहे. पण रविवारी तिथून इथपर्यंत वीस माणसं चालवत आणायची कुठून?"

जाऊबाई म्हणाल्या, "भाजीवाल्यांना विचार. ते आलेच होते ना?"