अक्का, जॅक कधी काढायचे?

मी मूळची खानापूर तालुक्यातली, घर सुताराचं. सध्या बेळगावात एका तीन मजली बिल्डिंगची साईट इंचार्ज आहे. सिव्हिलची डिग्री नाही, बाईमाणूस, मग साईट कशी सांभाळतीस असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढायलोय.

बाबांचं काम घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. आमच्या बाजूला लाकडाची पारख लहानपणीच येते, सागवान कुठलं नि मत्ती (ऐन) कुठली हे हातात घेतलं की वजनावरनं कळतं. काम जास्त करून दाराच्या चौकटींचं. बाबांचा नियम एकच, भाऊ असो की मी, रंधा धरायच्या आधी गुण्या, म्हंजे काटकोन तपासायचं हत्यार, लावायला शिकायचं. चौकट जोडली की दोन्ही कर्ण मापायचे, सारखे आले तर चौकट काटकोनात, आणि दोन सूत, म्हंजे पाव इंच जरी फरक आला तरी सगळं सोडून परत जोडायचं, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. पुढं आयटीआयला कारपेंटर ट्रेड केला, एका वर्षाचा, वर्गात मुलगी मी एकटीच.

मग चौकटींचं काम कमी होत गेलं. लोक ग्रॅनाईटच्या चौकटी बसवायला लागले, दारं रेडिमेड यायला लागली. म्हणून मी सेंटरिंगकडं, म्हंजे काँक्रीट ओतायचा साचा आणि त्याचा आधार उभा करायच्या कामाकडं वळले आणि तिथंच माझं खरं शिक्षण झालं.

सेंटरिंग म्हंजे फळ्या ठोकणं असं लोकांना वाटतं. दहा बाय दहाच्या खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर ओल्या काँक्रीटचं वजन पावणेतीन टनांच्या आसपास जातं, वर माणसं, व्हायब्रेटर, सळी वेगळंच, आणि हे सगळं खालच्या जॅकवर, म्हंजे साच्याला खालनं टेकू देणाऱ्या खांबांवर. त्यात आमच्याकडचा पाऊस आणि ही लाल माती, जॅक तसाच जमिनीवर उभा केला तर रात्रीत खचतो, आणि स्लॅब एकदा खाली वाकला की वाकला. म्हणून प्रत्येक जॅकखाली जाड फळी, ओळंब्यात उभा केलेला, आणि काँक्रीट पडत असताना एक माणूस खालीच थांबणार, पाचर आणि हातोडा घेऊन. मी बरीच वर्षं तो खालचा माणूस होते. कुठला जॅक ताण घेतोय हे आवाजावरनं कळतं, खरंच.

सुपरवायझर झाले ते एका भांडणातनं. एका जुन्या साईटवर कॉन्ट्रॅक्टरला जॅक दुसरीकडं पाहिजे होते, स्लॅब टाकून चौथा दिवस, म्हणाला काढा. मी नाही म्हटलं. आयएस 456 मध्ये, म्हंजे काँक्रीटच्या कामाच्या भारतीय मानकात, स्पष्ट लिहिलंय, स्लॅबचा स्पॅन साडेचार मीटरपर्यंत असेल तर जॅक 7 दिवस, त्याच्या वर 14, बीमला सहा मीटरपर्यंत 14 आणि त्याच्या वर 21 दिवस. हे पण साध्या ओपीसी सिमेंटचं, आता सगळीकडं पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरतात त्याला उलट जास्तच वेळ द्यायला पाहिजे. कॉन्ट्रॅक्टर लई चिडला, पण इंजिनिअर साहेब माझ्या बाजूनं उभे राहिले आणि तिथनं पुढं ते प्रत्येक स्लॅबला मलाच विचारायला लागले. आता विजापूरकडचे गवंडी कन्नडमधनं विचारतात, बारबेंडर (सळी वाकवणारे) हिंदीत आणि आमचे खानापूरचे सुतार मराठीत, प्रश्न मात्र तोच, अक्का, जॅक कधी काढायचे? मी तारीख खडूनं कॉलमवरच लिहून ठेवते.

मला मनापासून जे बोलायचंय ते हे. साईटवर बाया कमी नाहीत. पण वीस वर्षं घमेलं उचलून पण बाई हेल्परच राहते, आणि तिच्यानंतर आलेला पोरगा करणी (गवंड्याची थापी) हातात धरून दोन वर्षांत मेस्त्री होतो. हाताला हत्यार मिळालं तरच वर जाता येतं, आणि बाईला ते कुणी देतच नाही. मला मिळालं कारण शेड घरचं होतं.

बाकीचंही तसंच. लेबर कार्डसाठी, म्हंजे बांधकाम कामगार म्हणून नोंदणीसाठी, वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामाचं काम एवढंच लागतं, पण हजेरी नवऱ्याच्या नावावर लागते आणि बाईचे दिवस कुठं दिसतच नाहीत. पाळणाघर 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 50 पेक्षा जास्त बाया असतील तिथंच सक्तीचं होतं. आमच्या साईटवर तेवढ्या कुठनं येणार? म्हणून पोरं वाळूच्या ढिगावर. मी हजेरी प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावर लावते आणि सिमेंटच्या गोडाऊनशेजारी पोरांसाठी एक खोली केलीय, त्याला फार खर्च आला नाही.

आता दोन हेल्पर बायांना मी सेंटरिंग शिकवायलोय. एकीची नजर इतकी चांगली आहे की ओळंबा सोडायच्या आधीच कॉलमचा डबा (साचा) कुठं झुकलाय ते सांगते. मालक म्हणतात शिकू दे, पण रोजंदारी हेल्परचीच देऊया. मी म्हटलंय, ज्या दिवशी बीमचा बॉटम (साच्याचा तळ) त्या स्वतः लेव्हलमध्ये लावतील त्या दिवसापासनं सुताराची रोजंदारी. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. दुसऱ्या मजल्याचे बीम पुढच्या आठवड्यात चालू होतायत, आणि बॉटम त्या दोघीच लावणार आहेत.