कारुण्यामाजीं पाउलें

वडील, आमचे आबा, गेले त्या वर्षापासून मी वारीत आळंदीहून पंढरपूरला पायी जातो. त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी खताच्या पिशवीत गुंडाळून खांद्यावर घेतो. दिंडीत भिशी, म्हणजे वारीची वर्गणी, भरली की सामान ट्रकमध्ये टाकता येतं. ग्रंथ मात्र तिथं टाकवत नाही. त्याची पानं वडिलांच्या बोटांनी कडेला मऊ झाली आहेत.

यंदा आमच्या राहुटीशेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या. अक्षरओळख नाही, हरिपाठ तोंडपाठ. कीर्तन संपलं की म्हणायच्या, "माउली, दोन ओव्या वाच रे." वाल्ह्याच्या मुक्कामी बॅटरीच्या उजेडात तेरावा अध्याय लागला. अमानित्व, अदंभित्व आणि मग अहिंसा. गीतेच्या श्लोकात हा एकच शब्द आहे. 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वर माउलींनी त्या एका शब्दावर शंभराहून जास्त ओव्या सांगितल्या. अहिंसक माणूस चालतो कसा, बोलतो कसा, बघतो कसा, त्याचा हात कुणावर कसा पडतो, सगळं. चालण्याची ओवी आली:

तैसे परमाणु पां गुंतले । जाणूनि जीव सानुले ।
कारुण्यामाजीं पाउलें । लपवूनि चाले ॥

आजी म्हणाल्या, "पुन्यांदा वाच." मी वाचली. त्यांनी हात जोडले आणि तशाच बसून राहिल्या.

नीरास्नान झालं, लोणंदचा मुक्काम झाला. तरडगावच्या वाटेला लागलो. चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोड्यांची दौड, त्यामुळे सगळ्यांच्या पायाला घाई. आजी मध्येच थांबल्या. मागून टाळकरी येत होते. मी म्हटलं, "आजी, चला, गर्दी अंगावर येईल."

"थांब की जरा."

वाटेच्या कडेला, ओल्या मातीत मृगाचा किडा होता. लाल मखमलीचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. आजींनी लिंबाचं गळलेलं पान त्याच्यापुढं धरलं. तो थबकला. आजी वाकलेल्याच. अखेर तो पानावर चढला, तेव्हा त्यांनी ते पान बांधाच्या पलीकडं, गवतात नेऊन ठेवलं. गुडघ्यावर हात दाबून उठल्या आणि "रामकृष्णहरी" म्हणत चालू लागल्या. ओवीचं नावही काढलं नाही.

तो बांध बघून माझ्या पोटात कालवलं. सहा वर्षांपूर्वी मी मोजणी आणली, खुणा सरकल्या आणि हातभर जमिनीसाठी दादाला वहिनीसमोर नको ते बोललो. त्याच श्रावणात गावच्या सप्ताहात मी पारायणालाही बसलो होतो. सात दिवसांत नऊ हजार ओव्या वाचल्या. "साच आणि मवाळ । मितले आणि रसाळ" ही बोलण्याची ओवीसुद्धा त्यात याच जिभेनं वाचली, आणि उठून दादाच्या दारावरून तोंड फिरवून घरी गेलो. एवढं वाचून माणूस कोरडा राहतो कसा, हे मला त्या दिवशी कळलं. मी ग्रंथाकडं पुण्य मागत होतो. त्यानं मला काय सांगितलंय, ते ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाजआरतीला उभे होतो. सोहळ्याची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी दंड उंच केला आणि एवढा समाज एका क्षणात गप्प झाला. फक्त एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. वारीतली ही रीत मला फार मोठी वाटते. ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ थांबवत नाही. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात. तक्रार पोटात ठेवून कुणी झोपायला जात नाही. त्या दिंडीचं म्हणणं ऐकलं गेलं, टाळ थांबले, आरती झाली.

माझे टाळ सहा वर्षं वाजत होते.

राहुटीच्या मागं जाऊन दादाला फोन लावला. तीनदा वाजला.

"कुठवर आलास?" एवढंच म्हणाला. जणू कालच बोललो होतो.

"तरडगाव. दादा, मी चुकलो. बांध तुझ्या खुणेवर घालू. वहिनींचीही माफी मागायची आहे."

पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. फक्त गोठ्यातल्या जनावराच्या गळ्यातली घंटी ऐकू येत होती.

"पाऊस आहे का तिकडं?" त्यानं विचारलं. "पायाला तेल लावत जा. आबांच्या पायाला चौथ्या-पाचव्या दिवशी फोड यायचे." मग आवाज जरा खाली आला. "कळसाचं दर्शन झालं की माझ्याही नावानं हात जोड."

राहुटीत आलो तेव्हा आजी ग्रंथ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खूण ठेवलेलं पान उघडून त्यांनी तो माझ्यापुढं सरकवला.