चिंगीच्या घशात काही अडकलेलं नाही

लिफ्टमध्ये, जिन्यात, बागेच्या फाटकाशी सगळीकडे आमच्या कुत्रीबद्दल, चिंगीबद्दल, तेच विचारलं जातं. "अहो, हिच्या घशात काहीतरी अडकलंय, दाखवलंत का कुठे?" दाखवलं. पुष्कळ ठिकाणी दाखवलं. ज्यांना हे ठाऊक आहे ते पुढचं विचारतात, "मग शेवटी कारण काय निघालं?" याचं उत्तर लिफ्ट वर पोचेपर्यंत देता येत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

चिंगीला तुम्ही ओळखता. पॉमेरियन म्हणून आणलेली, खरं तर इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून विकली जातात ती बहुतेक कुत्री हीच असतात. आता अकरा वर्षांची आहे. तिला उबळ येते ती तुम्ही पाहिलीय. मान पुढे ताणते, पुढच्या पायांची कोपरं फाकवते, बदकासारखा कर्कश खोकला सुरू होतो आणि शेवटी ओकारी येऊन थोडा पांढरा फेस पडतो. फेस पडला की ती शेपूट हलवत पुढे चालायला लागते.

हाड अडकलंय असं वाटतं ते या ओकारीमुळे. मलाही वाटलं होतं, आणि कोणालाही तेच वाटेल. पण खरंच काही अडकलं तर कुत्रं पंजाने तोंड ओरबाडतं, लाळ गाळतं, खायला तोंड लावत नाही. चिंगी उबळ संपली की पोळीचा तुकडा मागते. उलटी म्हणावी तर उलटीत आधी पोट आतबाहेर होतं, मग अन्न किंवा पिवळं पित्त पडतं. हिचा आधी खोकला, ओकारी मागून. हा क्रम डॉक्टरांना कळला तो मी मोबाईलवर व्हिडिओ काढून नेला तेव्हा, कारण दवाखान्याच्या टेबलावर ती खोकायचीच नाही. तोवर पित्ताच्या गोळ्या चालू होत्या.

सगळ्यात पहिलं निदान केनेल कफचं होतं. त्या डॉक्टरांना नावं ठेवणारे तुमच्यात आहेत. निदानासाठी मी त्यांना नावं ठेवत नाही. दिवाळीत आम्ही तिला बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं आणि घरी आणल्यावर खोकला सुरू झाला. तो खोकला असाच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत उतरतो. हिचा उतरला नाही. तरीही पुन्हा तेच अँटिबायोटिक लिहून मिळालं, आणि "थोडं थांबा, वय झालंय" हे वाक्य मिळालं. माझा राग आहे तो त्या वाक्यावर. वय हे खोकल्याचं कारण नसतं. अकरा वर्षांच्या कुत्रीला खोकला कशाने होतो, हे शोधायचं असतं.

आम्ही शोधलं. डासांमुळे हृदयात होणाऱ्या जंतांसाठी रक्त तपासलं, ते नव्हते. मग एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मानेच्या खाली, छाती सुरू होते तिथे, श्वासनलिका दोन बोटांनी अगदी हलकी दाबली. चिंगी दवाखान्यात पहिल्यांदाच खोकली. तोच आवाज. "हाच ना?" त्यांनी विचारलं. मला हो म्हणताना रडू आलं, कारण इतक्या दिवसांत कोणीतरी तो आवाज माझ्याबरोबर ऐकला होता.

त्याच दुपारी एक्स-रे काढायचं ठरलं. त्या खोलीत काय झालं ते मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही.

कुत्र्याला कुशीवर निजवतात, मान ताणतात, पुढचे पाय पुढे ओढून धरतात. शिशाचे ॲप्रन घातलेले दोघे सहायक होते, वाईट नव्हते, एकजण तिला सारखं "झालं बाळा, झालं" म्हणत होता. मला दाराबाहेर उभं केलं होतं, दाराला काच होती. चिंगी धडपडली. धडपडली म्हणून खोकला आला, खोकला आला म्हणून आणखी धडपडली. मी फेस पडायची वाट बघत होते, कारण फेस पडला की संपतं हे मला माहीत होतं. फेस पडला नाही. तिची जीभ एरवी गुलाबी असते, ती कडेकडेने जांभळी होत गेली. मी दार उघडून आत शिरले आणि "सोडा तिला" म्हणून ओरडले. डॉक्टर धावत आल्या, तिला पोटावर बसवलं, तोंडाशी ऑक्सिजनचा मास्क धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, तुम्ही बाहेर व्हा. तुम्हाला बघून ती तुमच्याकडे यायला झटतेय."

मी बाहेर झाले. बाकावर बसून तिचा पट्टा हातात गुंडाळत राहिले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे मला कळत होतं, आणि तरी ते मला आजही सोसत नाही. जिच्यासाठी इतकं करायचं तिच्या श्वासाच्या आड आपणच यावं, हे कसं मानायचं? नवरा म्हणतो, तू आत गेलीस म्हणून त्यांनी तिला लवकर सोडलं. डॉक्टर म्हणतील, ते सोडणारच होते. यातलं खरं काय, मला ठरवता आलेलं नाही.

गुंगीचं इंजेक्शन देऊन, ती शांत झाल्यावर फिल्म काढल्या, श्वास आत घेतानाची एक आणि बाहेर सोडतानाची एक. दोन कशाला, तर श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या असतात, त्या वरून उघड्या असतात आणि ती उघडी बाजू पातळ पडद्याने जोडलेली असते. कूर्चा मऊ पडली की पडदा आत लोंबतो आणि नळी चपटी होते. मानेतला भाग श्वास घेताना चपटा होतो, छातीतला श्वास सोडताना. एकाच क्षणाची फिल्म काढली तर नळी चांगली दिसू शकते. लहान चणीच्या कुत्र्यांत हे बरंच आढळतं.

चिंगीची नळी मानेच्या तळाशी चपटी होत होती. म्हणजे कारण सापडलं? त्याच फिल्मवर हृदय डाव्या बाजूने मोठं दिसत होतं. नंतरच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेतून रक्त मागे गळताना दिसलं. हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा फुगला की त्याच्या वरून जाणाऱ्या श्वासवाहिनीवर दाब येतो, त्यानेही खोकला होऊ शकतो. डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही आहे. कुठला खोकला कोणाचा, हे फिल्म सांगत नाही."

तेव्हाची मी त्यांच्याशी वाद घालत होते. एक नाव द्या, म्हणजे एक औषध देता येईल. आज मी तिला, त्या तेव्हाच्या मला, सांगते की नाव मिळालं असतं तरी रात्रीची उबळ तीच राहिली असती. ती मला सांगते की नाव मागितलं नसतं तर तू पित्ताच्या गोळ्याच देत बसली असतीस. तिचंही खोटं नाही.

गळ्यातला पट्टा गेला, छातीभोवती बांधायचा हार्नेस आला. वजन उतरवलं. मच्छर अगरबत्ती बंद झाली. सासूबाईंनी इतक्या वर्षांचा संध्याकाळचा धूप थांबवला, एका शब्दाने तक्रार न करता. हे मी कधी विसरणार नाही. मिरचीची फोडणी घालायची असली की चिंगी आतल्या खोलीत, दार लावून. हृदयासाठी पिमोबेंडन सुरू आहे, उबळ वाढली तर खोकला दाबायची गोळी आहे. खोकला निम्म्यावर आला. कशाने आला ते सांगता येत नाही, कारण सगळं एकदम सुरू केलं. एकेक करून बघायला हवं होतं असं मला ऐकवलं गेलंय. जांभळी जीभ मी पाहिलीय, ऐकवणाऱ्यांनी नाही. पुन्हा वेळ आली तरी सगळं एकदमच सुरू करीन.

"नळीत जाळी का बसवत नाही?" हेही विचारता. स्टेंट बसवतात, पण तो तुटू शकतो, बसवल्यावरही खोकला राहू शकतो, आणि तिचं हृदय असं असताना भूल देण्यात धोका आहे. शिवाय खर्च. खर्चाचं आजवर मी कोणाशी बोलले नाही, आज लिहिते: तोही विचार आम्ही केला आणि करावा लागला.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. तिला बिस्किटं देऊ नका, थोडं वजन वाढलं तरी खोकला वाढतो. आणि माणसांचं खोकल्याचं औषध सुचवू नका. आपल्या साध्या गोळ्यांतलं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

रोज रात्री ती झोपली की मी तिचे श्वास मोजते. मिनिटाला तीसच्या आत असले तर ठीक, सतत वर जायला लागले तर फुप्फुसात पाणी साठत असू शकतं, लगेच फोन करायचा. नवऱ्याचं म्हणणं आहे की नळीत कॅमेरा घालून एकदाचं बघून घेऊ. मला तिला पुन्हा त्या टेबलावर ठेवायचं नाही. यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.