दोन सेफ्टींमधून एक निवडताना

अमेरिकन फुटबॉल आवडीने पाहणारे मराठी मित्र मला वारंवार विचारतात की, बचावाच्या पहिल्या अकरांत एकच जागा रिकामी असेल आणि दोन सेफ्टी (सहसा सर्वांत मागे उभे राहणारे बचावपटू) तुल्यबळ वाटत असतील, तर कोणाला घ्यावे. मी सिॲटल सीहॉक्सचा पाठीराखा असल्यामुळे माझे उत्तर त्याच संघाकडे पाहून घडले आहे. सेफ्टीला एकट्याने तोलू नये; दुसऱ्या सेफ्टीच्या शेजारी उभे करून तोलावे.

2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांत, या संघाने अर्ल थॉमसला पहिल्या फेरीत चौदाव्या क्रमांकावर घेतले, तर कॅम चॅन्सेलरसाठी पाचवी फेरी उजाडली. चॅन्सेलर पहिले वर्ष अनुभवी लॉयर मिलॉयच्या मागे थांबला आणि 2011 पासून नियमित खेळू लागला. पाच फूट दहा इंचांचा थॉमस सर्वांत मागे, मैदानाच्या मधोमध एकटा पहारा देई आणि चेंडू हवेत गेला की दोन्ही कडांकडे झेपावे. पाठीमागे तो आहे या भरवशावरच सहा फूट तीन इंचांचा धिप्पाड चॅन्सेलर पुढे सरकून धावणाऱ्यांची वाट अडवी आणि मधल्या पट्ट्यात येणाऱ्या रिसीव्हरना (पास झेलणाऱ्यांना) धडकी भरवी. 2012 ते 2015 या सलग चार हंगामांत लीगमध्ये सर्वांत कमी गुण याच संघाने दिले. फेब्रुवारी 2014 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्या हंगामात 606 गुणांचा विक्रम करून आलेला डेन्व्हरचा संघ सिॲटलपुढे केवळ 8 गुणांवर थांबला.

डिसेंबर 2016 मध्ये चॅन्सेलरशीच टक्कर होऊन थॉमसचा पाय मोडला. त्याच्या जागी आलेल्या स्टीव्हन टेरेलकडे वेग भरपूर होता. तरीही पुढच्याच आठवड्यात ग्रीन बेच्या ॲरन रॉजर्सने सामन्याच्या सुरुवातीलाच डावान्टे ॲडम्सला 66 यार्डांचा टचडाऊन (गुण मिळवून देणारा) पास दिला आणि सिॲटल 38-10 असे हरले. चॅन्सेलर तोच होता, पण मागचा भरवसा गेला होता.

म्हणून मी टॅकलच्या (चेंडू नेणाऱ्याला पाडण्याच्या) आकड्यांना फारसे महत्त्व देत नाही. मागच्या सेफ्टीचे टॅकल वाढत असतील, तर पुष्कळदा पुढची फळी फुटलेली असते. चेंडू सुटण्यापूर्वीची त्याची पहिली दोन पावले मी पाहतो. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या खोट्या नजरेला भुलून तो पुढे धावतो का, आणि कडेच्या रिसीव्हरवर पहारा देणाऱ्या कॉर्नरबॅकला वेळेवर हाक देतो का, हेही पाहतो. एवढे करूनही दोघे समान ठरले आणि जागा मागची असेल, तर चेंडू हिसकावण्यासाठी धोका पत्करणाऱ्यापेक्षा आपली जागा न सोडणाऱ्याला मी घेईन, कारण मधल्या फळीतला लाइनबॅकर चुकला तर सावरायला मागे कोणीतरी असते आणि मागचा सेफ्टी चुकला तर मागे फक्त एंड झोन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला गुण मिळण्याची जागा, असतो.