लिस्बनमध्ये तुळशीला नाक लावायचं नाही

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई आणि मी लिस्बनला होतो. १२ तारखेची रात्र तिथे संत अँथनीची. आल्फामाच्या बोळांतून दारोदारी शेगड्या पेटलेल्या, तारली भाजल्याचा धूर, वर दोऱ्यांवर पताका आणि त्यांच्याही वर कुणाच्या तरी चादरी वाळत घातलेल्या.

एका उंबऱ्यावर एक आजी कुंड्या मांडून बसल्या होत्या. चेंडूसारखं गोल, बारीक पानांचं झुडूप, त्यात खोचलेलं कागदी फूल आणि चार ओळींची कविता. "अगं, हा तर सब्जा!" म्हणत आई वास घ्यायला वाकली, तशा आजी केवढ्यांदा ओरडल्या. मग त्यांनी स्वतःचा तळवा झाडावरून हलकेच फिरवला आणि नाकाशी नेला. नाक लावलं की रोप मरतं, असा तिथला समज. नाव मांजेरीकू, आईने लगेच त्याची मंजिरी करून टाकली. कुंडी घेतलीच.

पहिल्या रात्री जेवायला बसलो तर न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज पुढे आलं. पाहुणचार समजून आम्ही संपवलं. बिलात प्रत्येकाचे वेगळे पैसे. फसवलं कुणी नव्हतं, तिकडची रीतच तशी आहे. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, पैसे लागत नाहीत.

आई शाकाहारी, त्यामुळे जपावं लागलं. काल्दू व्हेर्द म्हणजे बटाट्याच्या दाट सुपात बारीक चिरलेली हिरवी पानं. दिसायला निरागस, पण वर सॉसेजची चकती तरंगत असते. "सें शोरीसू" म्हणजे ते नको, आणि सूप मांसाच्या पाण्यात केलंय का तेही विचारा. बेकरीच्या काचेआड समोसा दिसला तर हुरळू नका. त्याला शामूसा म्हणतात, गोव्याशी जुनं नातं आहे, पण आत बहुधा खिमा असतो. भाजीवाल्याकडे मात्र आईचं माझ्यावाचून भागलं. बटाट्याला ते बटाटाच म्हणतात, कोबीच्या जातीच्या भाजीला कोव. आपणच हे शब्द त्यांच्याकडून घेतलेत.

बेलें भागातल्या, १८३७ पासूनच्या प्रसिद्ध कस्टर्ड टार्टच्या दुकानाबाहेरची रांग बघून परत फिरू नका. ती बहुतेक बांधून नेणाऱ्यांची असते, आत बसायला भरपूर जागा आहे. शेजारचा जेरोनिमूस मठ सोमवारी बंद. वास्को द गामाची कबर तिथेच आहे.

२८ नंबरची ट्राम सकाळी लवकर पकडा, नंतर गर्दी आणि खिसेकापू दोन्ही. ट्राम-बोटीसाठी चालणारं नावेगांते कार्ड माणशी एक घ्या, दोघांत एक चालत नाही. त्यात पैसे भरले की त्याच कार्डावर काइश दु सुद्रेहून नदीपलीकडे काशील्याशला बोटीने जाता येतं. १० मिनिटांत सगळं शहर समोर. गुळगुळीत तळव्याचे बूट घरीच ठेवा; पांढऱ्या दगडांच्या फुटपाथवर पावसाचे चार थेंब पडले की घसरगुंडी.

कुंडी विमानातून आणायच्या भानगडीत पडलो नाही. निघताना खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिली. त्यांनी मातीत बोट घालून पाहिलं आणि खुणेने सांगितलं, पाणी फार झालंय. आईला ते अजून पटलेलं नाही.