मामांनी स्लाइड पाहिली

उंदरांच्या यकृताच्या स्लाइड, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे पातळ काप, तयार होऊन आल्या त्या दिवशी मी साडेआठलाच लॅब उघडली. पुण्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी पीएचडी करते. विषय, क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाने होणारी यकृताची हानी आणि भुईआवळा या वनस्पतीचा अर्क. २८ दिवस एका गटातल्या उंदरांना नुसतं कीटकनाशक दिलं होतं, दुसऱ्या गटाला तासभर आधी अर्क पाजून मग कीटकनाशक.

आधी निरोगी यकृत पाहिलं. मधल्या शिरेपासून पेशींच्या ओळी किरणांसारख्या निघालेल्या. कीटकनाशकाच्या गटाची स्लाइड लावली आणि पोटात कालवलं. ओळी मोडलेल्या, पेशींत चरबीची पोकळ वर्तुळं, शिरेभोवती मेलेल्या पेशी. अर्काच्या गटात मात्र ओळी होत्या. थोड्या विस्कटलेल्या, पण होत्या! माझे डोळे भरून आले.

दुपारी मामा आले. नारायणगावजवळ त्यांची टोमॅटोची शेती आहे, फवारणी स्वतःच करतात. रक्ताचा रिपोर्ट मला दाखवायचा होता. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलेलं. ते कशाने, हे एका रिपोर्टवरून कळत नाही, डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या होत्या. मी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"उंदराचं काळीज व्हय हे?" बराच वेळ ते डोळा लावून होते. मग म्हणाले, "म्हंजी हा काढा पिऊन फवारायला गेलं, की बिनघोर?"

मी गारच पडले. माझ्याच स्लाइडवरून माझ्या माणसाने हा अर्थ काढला होता.

मग सगळं बाजूला ठेवून समजावत बसले. क्लोरपायरिफॉस यकृतात गेलं की तिथलेच एन्झाइम त्याचं आणखी विषारी रूप बनवतात. या धुमश्चक्रीत पेशीतलं ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीची स्वतःची ढाल, खर्ची पडतं आणि पेशीच्या आवरणातली चरबी सडायला लागते. वनस्पतीतली अँटिऑक्सिडंट्स मदत करतात ती इथे. पण हेच विष नसांमधलं एक एन्झाइम बंद पाडतं. लाळ गळते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, श्वास कोंडतो. तिथे काढा कामाचा नाही, दवाखाना आणि ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषधच लागतं. शिवाय उंदराचा डोस मोजून दिलेला, आणि विष शिरायच्या आधी अर्क पोटात. शेतात ते कातडीतून शिरतं, श्वासातून शिरतं, कोण मोजतंय? २०१७ साली यवतमाळला फवारणी करताना २०हून जास्त माणसं गेली, ती आठवण मामांना होती. ते गप्प झाले.

"हातमोजे वापरता का?"

"उकडतं गं त्यात. आन् नोझल तुंबलं की काढावंच लागतात."

संध्याकाळी त्यांना वाकडेवाडीच्या स्टँडवर सोडलं आणि तिथूनच मामीला फोन लावला. फवारणीचे कपडे कुठे धुतेस, विचारलं.

"घरच्याच कपड्यांत. का गं?"